'अमर आवाज' आणि दिंडोरीची हळद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय गांगुर्डे सर, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, गोदातरंग ऑर्केस्ट्राचे सर्व वादक, आणि पंचवटीतून, पिंपळगावहून कामधंदा सोडून आलेल्या माझ्या बहिणी-भावांनो, सगळ्यांना नमस्कार.

शाल दिलीत, नारळ दिलात, आभारी आहे. मे महिन्यात माणसाला शाल पांघरवायचं धाडस सत्कार समितीच करू जाणे.

आमचे हे, म्हणजे तुमचे गायक मल्हारीराव, जाऊन चौदा महिने झाले. ऑर्केस्ट्राला पंचवीस वर्षं झाली, नवा गायक अरसलान आला, असं पत्रिकेत छापलंय. मागच्या फलकावर तर 'अमर आवाज' लिहिलंय. अमर म्हणजे काय, ते मला फेब्रुवारीत दिंडोरीला समजलं.

माझ्या भावाच्या मुलीची हळद होती. वाजवायला आपलीच पार्टी. अरसलान माईक घेऊन उभा. गाणं सुरू झालं आणि माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. आवाज ह्यांचा होता. मध्येच अरसलान बाटली तोंडाला लावून पाणी प्यायला. गाणं आपलं चालूच! मग तो आवाज म्हणाला, "ओ आत्याबाई, बसू नका, नाचा!"

ह्यांच्या शेवटच्या वर्षातल्या कुठल्याशा हळदीचं रेकॉर्डिंग ते. पण ह्या नवरीची आत्या मी. बायका हाताला धरून मला उठवायला लागल्या.

दोन ओळींच्या मध्ये हे खोकले. त्या खोकल्यापायी मी किती सकाळी दवाखान्याच्या रांगेत उभी होते, ते मला माहीत. तिथं त्यावर शिट्ट्या पडत होत्या.

पार्टीचे मालक कोंडाजीभाऊंना विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, पब्लिकला तोच आवाज लागतो. पोरगं नुसतं तोंड हलवतं, कुणाला कळत नाय."

म्हटलं, "उद्या पब्लिकला तोच माणूस लागला तर? फोटो खुर्चीत बसवून फिरवाल?"

हसले. "वहिनी, तुम्ही लय पुस्तकं वाचता."

आज मला बोलावलंय ते हे रेकॉर्डिंग वाजवायला चारचौघांत परवानगी द्यावी म्हणून. भाषणही लिहून दिलं होतं. त्यात 'स्वर्गीय' सहा वेळा होतं. मी ते घरीच ठेवलं.

परवानगी नाही.

त्या हळदीनंतर अरसलान घरी आला. मान खाली. "काकू, मला गाऊच देत नाहीत," म्हणाला. म्हटलं, मग इथं गा. स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून गायला. वरच्या पट्टीत चिरकला. मग? हेही पहिली दोन वर्षं चिरकायचे. लग्नघरची माणसं चिडायची, तेव्हा "शिकेल हो," म्हणत मध्ये कोण पडायचं? कोंडाजीभाऊ, तुम्हीच ना? स्वतःचा चांगुलपणासुद्धा माणूस इतका विसरतो?

आपण शांतपणे ऐकलंत, अध्यक्षांनी चिठ्ठी न पाठवता बोलू दिलं, उपकार मानते. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. नकार मात्र मागे घेणार नाही.

अरसलान, ये बाबा, माईक घे. कोंडाजीभाऊ, तो रेकॉर्डिंगचा लॅपटॉप मिटवा. आणि मंडळी, तो चिरकला तर दया म्हणून टाळ्या वाजवू नका. पण जेवायलाही उठू नका.