मुधोळचा जिल्हा

दुसऱ्याच्या चुका काढायचा माझा धंदाच होता, गड्या. आदिलाबादेत नोकरीच्या परीक्षेसाठी शिकवणी घ्यायचो, इंग्रजी वाक्यं दुरुस्त करायला शिकवायचो. नवे जिल्हे होऊन आमचं मुधोळ आदिलाबादेतून निघून निर्मल जिल्ह्यात गेलं, तेव्हाची गोष्ट. सरावाच्या पेपरात जुनंच वाक्य होतं, 'फार्मर्स इन मुधोळ, आदिलाबाद डिस्ट्रिक्ट, ग्रोज कॉटन.' आमच्याच गावच्या बळीरामनं चुकीचं 'ग्रोज' तसंच ठेवलं अन् आदिलाबाद खोडून निर्मल लिहिलं!

मी भडकलो. "काऊन रे? इंग्रजी सोडून जिल्हा दुरुस्त करून राह्यला?"

"सर, तीन महिने झाले, सगळ्या कागदांवर तेच करून राह्यलो. जिल्हा चुकला का फॉर्म वापस येते. हात तिकडंच गेला."

"परीक्षेत असं चालत नाही!" म्हणून मी लाल पेनानं भलंमोठं शून्य दिलं. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती, म्हणून त्याच रागात त्याचा वर्तणुकीचा दाखलाही लिहून दिला.

बळीरामनं दाखला वाचला. 'राहणार मुधोळ, जिल्हा आदिलाबाद.' त्यानं तो माझ्यापुढं सरकवला अन् म्हणाला, "सर, शून्य राहू द्या. दाखला तेवढा नवा द्या."