साहेब आले का?

— नाही, ओढू नका, खिळ्यावरून वर उचला आणि मग काढा. आणि हळू, आतल्या खोलीत हे आहेत, आत्ताच डोळा लागलाय. फोनवर मी 'सगळ्या न्या' म्हटलं ते खरंच म्हटलं हो, शब्द फिरवत नाही — लेकीकडे राहायला जायचंय आम्हाला, तिथे एक खोली मिळणार, दोन पलंग टाकले की वळायला जागा नाही, ह्या तबकड्या काय डोक्यावर टांगू? तुम्ही स्वतः जमवता म्हणालात म्हणून तुम्हाला बोलावलं. भंगारवाला केव्हाचा मागे लागलाय, पण नाही दिल्या. पुसाल ना अधूनमधून?

ही ह्यांनी आणलेली पहिली. रेकॉर्ड तुफान खपली की कंपनी अशी सोनेरी तबकडी काचेत बसवून गायकाला द्यायची, संगीतकाराला द्यायची — तुम्हाला मी काय सांगणार, तुमचा तर शौकच तो. सोनं कसलं, मुलामा! आणि आतली रेकॉर्ड त्या गाण्याची असेलच असंही नाही, गोदामातली कुठलीही उचलायचे. हे काचेला नाक लावून बघायचे आणि म्हणायचे, 'लग्न एकाचं, घोड्यावर भलताच!' आणि एकटेच हसत बसायचे.

वाजवायचे ना, क्लॅरिनेट वाजवायचे. तबकडीखालच्या ह्या पट्टीवर ज्या बाईंचं नाव आहे, त्यांच्या गाण्याची सुरुवात — रस्त्यानं जाणारा माणूससुद्धा शिट्टीवर वाजवतो ती — ती ह्यांची. बाईंना तबकडी मिळाली, गाणं लिहिणाऱ्याला मिळाली, एक कंपनीच्या जिन्यात लटकली. ह्यांना? वादकांना द्यायची पद्धतच नव्हती. हे म्हणायचे, 'राहिलं असेल चुकून, बोलावतील.' कोण बोलावतंय! पुढे कंपनी बुडाली, तिथल्या भिंतींवरचं सगळं बाजारात आलं आणि हे एकेक घरी आणायला लागले — जुन्या बाजारातून, गेलेल्या माणसांच्या घरांतून. राग म्हणून नाही हो. पुसायचे, टांगायचे, बघत राहायचे. मी कुरकुर करायचे का? करायचे की. भिंतीवर दुसरं काही लावायला जागा ठेवली होती का माझ्यासाठी?

आणि आता विसरलेत. सगळं विसरले असते तर एकवेळ बरं — पण क्लॅरिनेट विसरले, लेकीचं नाव विसरले आणि तबकडी मिळायचीय तेवढं डोक्यात राहिलंय. उठले की कोट घालायचा आणि ह्या खुर्चीत येऊन बसायचं. समोर ह्या सगळ्या दिसतात ना, त्यांना वाटतं हे कंपनीचं ऑफिस. मला विचारतात, 'बाई, साहेब आले का?' आधी आधी मी सांगायचे, अहो, मी आहे, घर आहे हे आपलं — तर घाबरायचे, दाराकडे धावायचे. म्हणून आता म्हणते, 'येतायत, बसा.' मग बसतात. चहा दिला तर उभे राहतात, 'तुम्हाला उगाच त्रास,' म्हणतात. संसारात कधी चहाला उठले नाहीत हो — नाही, पाणी नको मला, तुम्ही कागद गुंडाळा.

म्हणून म्हटलं, न्या. भिंत मोकळी झाली तर घर दिसेल त्यांना. मी दिसेन. डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. लेक म्हणते, आई, आता आशा सोड. सोडते म्हणून सुटते का? तुम्हाला काय वाटतं — जाऊ दे, तुम्हाला तरी काय वाटणार.

अगं बाई — उठलात? या, या. हो, आले साहेब. हेच ते. आत्ताच आले... अहो, ऐका, हात जोडते तुम्हाला, ती हातातली द्या त्यांना. नाव दुसऱ्याचं असू दे, अक्षरं नाही लागत आता त्यांना. असं नाही, दोन्ही हातांनी. हं. हात मिळवा त्यांच्याशी.

काय म्हणताय? मला? — फोन करू? कुणाला... घरी? तुमच्या बायकोला सांगू, मिळाली म्हणून? — हो. सांगते ना. सांगते हं, आत्ता सांगते. वाट बघतेय ती. — तुम्ही निघा आता. नाही, राहू द्या बाकीच्या, नका हात लावू. पुढचं काय ते मला नाही कळत. निघा म्हटलं ना, जा.