त्या खोलीत न म्हणायचं वाक्य

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष डॉ. गुरुनाथ सबनीस, व्यासपीठावर बसलेल्या सिस्टर मेरे, मंडळाचे पदाधिकारी, आजच्या सत्कारमूर्ती सुनेत्राताई, आणि शनिवारची दुपार मोडून हेन्डरसन, न्यू लिन, कुठून कुठून आलेल्या माझ्या सर्व सुहृदांनो, नमस्कार. मेरे, तुझ्या भाषेतला नमस्कार, किया ओरा. तुला पुढची दहा मिनिटं काहीही कळणार नाही, त्याबद्दल सॉरी. पण नंतर जेवण आहे, आणि ते हीप्स आहे, म्हणजे भरपूर.

सुनेत्राताई इथे परदेशात, हॉस्पिटलातल्या नर्सच्या बावीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होऊन पुढच्या शुक्रवारी मिरजेला परत चालल्यात. त्यांच्याबद्दल बोलायला मला का सांगितलं, हे बऱ्याच जणांना माहीत नसेल. मी इरावती, न्यू लिनला फार्मासिस्ट आहे. ताईंच्या हाताखाली मी एक मोठी चूक केली. त्या चुकीची हकिकत सांगितली तर ताई कोण आहेत ते आपोआप कळेल, असं मला वाटतं.

दोन वर्षांपूर्वी, शहाण्णव साली, आपल्या अध्यक्षांनी, डॉक्टरसाहेबांनी, हॉस्पिटलात एक लहानसा अभ्यास सुरू केला. अपघातातून, मारहाणीतून, आगीतून वाचलेली, पण आतून अजून तिथेच अडकून पडलेली माणसं. त्यांना केटामाइन नावाचं भुलीचं जुनं औषध अगदी कमी मात्रेत द्यायचं. माणूस झोपत नाही, पण तासभर स्वतःच्या आतल्या कुठल्यातरी लांबच्या जागी जाऊन येतो. जे पाहायची हिंमत होत नव्हती ते पाहतो. औषध मोजून, सही करून न्यायचं काम माझं होतं. खोली सुनेत्राताईंची होती.

ती खोली तुम्ही पाहायला हवी होती. चादरी ठेवायची जुनी जागा होती ती. ताईंनी ट्यूबलाइट काढायला लावली, टेबललॅम्प आणला, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. येणाऱ्याला दोन आठवडे आधी बोलवायच्या, नुसतं बसायला. पांघरूण त्यालाच निवडू द्यायच्या. दार उघडं हवं की बंद, हेही तोच ठरवणार. आणि हात लावायच्या आधी विचारायचं, प्रत्येक वेळी. सलोनी म्हणून आमची एक तरुण डॉक्टर हसायची, "सिस्टर, बीपीचा पट्टा बांधतानाही विचारायचं?" ताई म्हणाल्या, "तुला न विचारता कोणी दंड धरला तर?" सलोनी पुन्हा हसली नाही.

आता दीनानाथदादांबद्दल. ते इथेच बसलेत, तिसऱ्या रांगेत, आशालतावहिनींच्या शेजारी. त्यांची परवानगी घेऊनच सांगतेय. मला म्हणाले, "सांगा, पण हिरो करू नका. टाळ्या वाजल्या की कुठे बघायचं ते मला कळत नाही." तेव्हा कृपया आत्ता वाजवू नका.

दादा सांगलीत हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचे. इथे आल्यावर बस चालवायला लागले. त्र्याण्णव सालच्या एका दुपारी एक म्हातारे गृहस्थ डेअरीतून दुधाची बाटली घेऊन निघाले आणि थेट दादांच्या बससमोर आले. ते वाचले नाहीत. चौकशी झाली, दादांची काहीही चूक नाही असं लेखी आलं. त्यानंतर तीन वर्षं दादा बसमध्ये चढले नाहीत, चालवायला नाही आणि बसायलाही नाही. डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या काउंटरवर काम करायचे आणि घरी चालत जायचे. घरात दूध येणं बंद झालं. पाहुण्यांनाही काळा चहा. आम्ही सगळे त्यांच्याकडे काळा चहा प्यायलोय, आठवतंय ना? आणि आपल्यातल्या किती जणांनी विचारलं, की का?

दादा अभ्यासात आले. अंमल चढला की माणूस आपल्या भाषेत बोलतो, म्हणून ताईंबरोबर मराठी कळणारं दुसरं कोणीतरी हवं होतं. डॉक्टर म्हणाले, इरावती बसेल. मी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि बसले.

पहिली वीस मिनिटं दादा डोळ्यांवर पट्टी बांधून पडून होते. मग म्हणाले, "दूध सांडलंय." पुन्हा म्हणाले. आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. पुढे वाकले आणि म्हणाले, "काही नाही झालं हो दादा, काही नाही झालं."

दादांनी डोळ्यांवरची पट्टी ओढून काढली. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हीसुद्धा?"

अंमल उतरेपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. ताई शेजारी जमिनीवर बसून राहिल्या. मग दादांनी बूट घातले, डॉक्टरांना नमस्कार केला आणि म्हणाले, "मी परत येणार नाही." त्यांच्यासाठी तो शेवटचा उपाय होता. गोळ्या झाल्या होत्या, सल्ले झाले होते. वहिनी बाहेर बाकावर बसून होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही.

मला वाटलं, ताई आता मला झापणार. त्यांनी फक्त विचारलं, "इरा, तुला कोण म्हणायचं असं?"

मला एकदम आमचं स्वयंपाकघर दिसलं. मी नऊ वर्षांची. एक गोष्ट झाली होती, ती मी आईला सांगायला गेले होते. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, काही नाही झालं, जा, खेळ. ती गोष्ट काय, ते मी आज सांगणार नाही. ताईंनीही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "बघ. तुला अजून आठवतंय."

आपण मायेनेच म्हणतो ते. पोर पडलं की उचलताना तोंडातून तेच येतं. पण ज्याच्या डोळ्यांसमोर माणूस गेला, त्याला तीन वर्षं पोलिसांनी, साहेबांनी, नातेवाइकांनी, आपल्या मंडळानेसुद्धा हेच सांगितलं होतं. काही झालं नाही, विसरून जा. मग तो रस्त्यावर एकटाच उभा राहिला, सांडलेल्या दुधापाशी.

मी म्हटलं, त्यांच्या घरी जाऊन माफी मागते, थोडी पुरणपोळी करून नेते. ताई म्हणाल्या, "डबा नेऊ नकोस. डबा नेलास की ते म्हणतील कशाला त्रास घेतलात, तू म्हणशील त्रास कसला, आणि दोघं सुटाल."

मंडळी, मराठी माणसाच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहून पाहा. हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. दादांनी दार उघडलं. मी उंबऱ्यातूनच म्हणाले, "दादा, झालं होतं. तुमच्यासमोर एक माणूस गेला. मी म्हटलं, काही नाही झालं. चुकलं माझं."

त्यांनी दार आणखी उघडलं. मग आत वळून म्हणाले, "आशा, चहा टाक." काळाच होता. पण त्यानंतर पाचव्या आठवड्यात दादा अभ्यासात परत आले. आणि कोण शेजारी बसणार असं विचारल्यावर म्हणाले, "त्याच दोघी."

तेच पांघरूण, तोच दिवा. वीसेक मिनिटांनी दादा म्हणाले, "दूध सांडलंय."

सुनेत्राताई म्हणाल्या, "हो. सांडलंय."

"ते उठत नाहीयेत."

"नाही उठत."

"मी ब्रेक दाबला होता."

"दाबला होतात."

"तरी."

"तरी," ताई म्हणाल्या.

मग दादांनी हात वर केला. आधी ठरलं होतं, हात हवा असेल तर वर करायचा. ताईंनी तरीही विचारलं, "धरू?" आणि धरला. पुढचा अर्धा तास तो हात ताईंच्या हातात होता. मी रडत होते, पण प्रशिक्षण आठवून, आवाज न करता. शेवटी दादा म्हणाले, "ते माझ्याकडे बघत होते. रागावलेले नव्हते." तीन वर्षांत तो चेहरा त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिला होता.

मी फार्मासिस्ट आहे, म्हणून एक गोष्ट नोंदवते. दोन्ही वेळा मात्रा तीच होती. लॉट नंबरसुद्धा तोच होता. मी दोनदा तपासला. बदललं होतं ते खोलीत बोललं गेलेलं एक वाक्य.

त्यानंतरचं काम लांबलचक होतं, आणि ते औषधाविना झालं. दर बुधवारी ताईंसमोर बसून बोलणं. मग एक दिवस न्यू लिन ते हेन्डरसन, बसमध्ये पहिल्या बाकावर दादा आणि ताई. दादांना घाम फुटला, दोन स्टॉपनंतर उतरले. पुढच्या बुधवारी चार स्टॉप. अभ्यासातल्या सगळ्यांनाच असा गुण आला असं नाही, ते डॉक्टरसाहेब प्रामाणिकपणे लिहितीलच. पण सिस्टर मेरे आता ती खोली सांभाळणार आहेत, आणि ताईंचे नियम त्यांनी दारामागे स्वतःच्या अक्षरात लावलेत.

तुमच्यापैकी ज्येष्ठ मंडळी आज मंडळाच्या मिनिबसने आली. बस फार सावकाश आली, अशी त्यांतल्या एका काकूंची तक्रार माझ्या कानावर आली आहे. काकू, ती दीनानाथदादांनी चालवली. सोमवारपासून ते त्यांच्या जुन्या रूटवर परत जातायत. शुक्रवारी ताईंना विमानतळावर सोडायला कोणाची गाडी, यावर समितीत बराच वाद झाला. दादांनी तो एका वाक्यात मिटवला: "त्यांना मी नेणार." आणि मागच्या टेबलावर जो चहा उकळतोय, तो दादांनी केलाय. दुधाचा आहे.

आता वाजवा टाळ्या. दादा, चहाकडे बघा.

ताई, तुम्ही काय केलंत हे तुम्हाला कोणी सांगितलेलं आवडत नाही, तरी सांगते. झालं. खूप काही झालं. आम्ही ते पाहिलं.

अध्यक्षांचे, मंडळाचे, स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांचे आणि मराठी न कळूनही पूर्ण वेळ हसत बसलेल्या मेरेचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात माझं काही चुकलं असेल, कोणाचं मन दुखलं असेल, तर क्षमा करा. फक्त नंतर चहाच्या टेबलापाशी भेटून "काही झालं नाही" असं म्हणू नका. दुखलं असेल तर दुखलं म्हणून सांगा. मी ऐकेन. धन्यवाद.