सातशे वर्षांचं रान आणि आमचा बांध

मी मूळचा संगमनेरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, आणि हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जे केलं ते शेतकऱ्याच्या मुलाला शोभणारं नव्हतं. वडिलांनी आम्हा दोघा भावांना रान वाटून दिलं, मधे बांध घातला, आणि त्या बांधापायी माझं आणि थोरल्या दादाचं बोलणं बंद झालं ते झालंच. आमच्याकडं बांध कोरतात, म्हणजे दर साली नांगरताना बांधाची वीतभर माती गुपचूप आपल्याकडं ओढायची. दादा म्हणायचा तू कोरलास, मी म्हणायचो तू. मग मी जमीनमोजणीचं शिकलो आणि सिंगापूर गाठलं, म्हटलं इथं बांधच नाही, सुटलो.

सिंगापुरातल्या तोआ पायोह भागात आमचं ऑफिस. विमानातून लेझर मारून कुठल्या कुठल्या देशांची जमीन मोजलेली असायची, ती आमच्याकडं यायची, आणि मी बसल्या जागी त्यातली झाडं, गुरं, गाड्या काढून नुसत्या भुईचा नकाशा करायचो. तर एकदा इंग्लंडमधल्या एका खेड्याचं काम आलं, एका बिल्डरला तिथं घरं बांधायची होती. गावाभोवतीच्या कुरणावर सगळीकडं एकसारख्या लाटा, शेजारी शेजारी, कॉरड्रॉयच्या विजारीवर असतात तशा. विमान हादरलं की अशा रेघा येतात, हे मला पाठ. मी त्या पुसल्या. भुई कशी पाटासारखी झाली. बिल्डर खूश, बॉस खूश, मी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांवर, स्वतःलाच एक जादा कॉफी पाजली.

महिन्याभरानं त्या गावच्या एका बाईंचं पत्र आलं. काय सांगू तुम्हाला, मायना नाही, काही नाही, थेट विचारलंय की ज्या कोणी हा नकाशा केला त्यानं आयुष्यात कधी शेत पाहिलंय का. सोबत फोटो, उतरत्या उन्हातला. त्या लाटा तिथं खऱ्याच होत्या, त्यांच्यात मेंढ्या चरत होत्या. बाईंनी लिहिलं होतं, सातशे वर्षांपूर्वी इथं सगळ्या गावाचं एकच मोठं रान होतं, मधे बांध नाही, ज्यानं त्यानं आपापला पट्टा नांगरायचा आणि माती पट्ट्याच्या मधोमध ओढत जायची, त्याचे हे वरंबे. पुढं तिथं कुरण झालं, नांगर पुन्हा फिरला नाही, म्हणून राहिले. तुमच्या नकाशात ते नाहीत, म्हणून बिल्डर म्हणतो इथं जपण्यासारखं काही नाही.

मी मूळ मोजणी पुन्हा उघडली. प्रत्येक वरंबा टोकाशी जरा वाकलेला. आठ बैलांचा नांगर असला की बांधाशी जाऊन एकदम वळत नाही, अलीकडूनच वळवत आणावा लागतो, हे मला वडिलांनी सांगितलेलं. विमान कितीही हादरलं तरी त्याला बैल वळवता येत नाहीत. घरी बायकोला, मंगलला सांगितलं, तर पोळी लाटता लाटता म्हणाली, तुमच्या घराण्यात वीत वीत कोरायचे, तुम्ही अख्खं गावच गिळलंत.

बॉसला म्हटलं, चूक माझी आहे, सुधारून पाठवू. तो म्हणाला, क्लायंट हॅपी, व्हाय यू डिग, कॅनॉट लाह, म्हणजे उकरू नकोस, जमायचं नाही. आणि हळूच म्हणाला, तुझा इथं राहून काम करायचा पास संपत आलाय ना. मी आठ दिवस गप्प बसलो, हेही सांगतो. मग पहिला नकाशा ज्यांना ज्यांना गेला होता त्या सगळ्यांना सुधारलेला पाठवला, खाली माझं नाव घालून. त्या दुपारपासून बॉस माझ्याशी फक्त ईमेलनं बोलतो, आणि आमची टेबलं शेजारी आहेत. बिल्डरचं काम तूर्त अडलंय. बाईंची एकच ओळ आली, इतका वेळ का लागला.

कंपनीनं पास काही पुढं वाढवला नाही. आता फ्लॅटमध्ये खोकी बांधून ठेवलीत आणि मंगल त्यांना ठेचकाळली की माझ्याकडं बघते. परत जायचं म्हणजे त्या बांधाशीच जायचं. म्हणून इतक्या वर्षांनी दादाला फोन लावला. म्हटलं, दादा, बांध मीच कोरला होता, पहिल्या दोन साली, तू बाजाराला गेलास की.

तो म्हणाला, माहिती आहे. टोकाशी बांध माझ्या अंगावर वाकलाय. तू पोरपणापासून बैल उशिरा वळवायचास, आंधळ्यालासुद्धा कळेल कोणी नांगरलंय ते.

मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस. तो म्हणाला, तू बोलतोस का ते बघत होतो. आणि वर म्हणाला, यायचं तर ये, पण माझ्या रानातून यायचं नाही.

आता माझ्या रानाला दुसरी वाटच नाही, दादाच्या रानातूनच जावं लागतं. हे त्यालाही माहिती आहे.