ओव्हन मागच्या दारी

तुम्हाला सांगते, आमच्या उमरग्याच्या घरात देव स्वयंपाकघरात, म्हणून चिकन शिजतं ते मागच्या दारच्या चुलीवरच. पण मला वाटलं, ओव्हन म्हणजे काय चूल न्हाय. सगळ्यांच्या जेवणाला टाको करायचे ठरवले, चपात्या दुमडून आत चिकन नि चीज भरलं आणि स्वयंपाकघरातच ओव्हन लावला. वास सुटला तशा सासूबाई दारात.

"आत काय हाय?"

"चिकन, आत्या."

त्यांनी देव्हाऱ्याकडं बघितलं, प्लग उपटला आणि वासानं आलेल्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "फडक्यानं धर अन् ने भायेर."

मला वाटलं, संपलं सगळं. त्यांनी ओव्हन चुलीशेजारी ठेवायला लावला, तिथल्याच पाण्याच्या पंपाच्या बोर्डात प्लग घातला आणि माझ्याकडं वळल्या.

"कर चालू. कच्चं खायला घालतीस व्हय?"