बाबांची मान आणि फुंकायची उशी

नाही, मला सांगा, पैज लावायची बाबांनी, हरायची बाबांनी, आणि सगळे बघतात कुणाकडे? माझ्याकडे!

तुम्हाला सांगते, आमचे बाबा ऑफिसातल्या गोल फिरणाऱ्या खुर्च्या विकतात. दिवसभर लोकांना ऐकवतात, "पाठीला आराम, कमरेला आधार!" आणि स्वतः विमानातून उतरतात ते छत्रीच्या मुठीसारखे वाकडे! दर दौऱ्याला तेच! मागच्या वेळी आई दारातच म्हणाली, "अहो, एकदा तरी माणसासारखे चालत घरी येऊन दाखवा!" झालं! बाबा पेटले. "येतोच! पुढच्या वेळी मान-पाठ धडधाकट घेऊन आलो नाही, तर महिनाभर भांडी मी घासेन!" अहो, असा कुणी आपणहून खड्ड्यात पाय घालतं का? आणि पुढचा दौरा कुठला, तर सगळ्यात मोठ्या ऑर्डरचा! साहेबांनी बजावलेलं, ही हातची गेली तर दौरे बंद, गोदामात बसून खुर्च्या पुसायच्या.

मग काय, सरावासाठी घराचं विमान झालं! जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक. बाबा मधे. पुढे आई, तिनं मागे रेलायचं, म्हणजे बाबांचे गुडघे हनुवटीला! शेजारी मी, माझं काम कोपर मारणं... ते मी अगदी मन लावून केलं हो! मागे आजोबा, त्यांनी लहान पोरासारख्या लाथा मारायच्या, तर दुसऱ्या लाथेलाच घोरायला लागले! आमच्या विमानात झोप लागली ती फक्त त्यांनाच. बाबांच्या डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे, पायांत घट्ट मोजे, आणि मोज्यांवर लाल दोऱ्याचं फूल. ते आजोबांचं काम. जन्मभर शिंपी होते ना, वस्तू हरवू नये म्हणून दिसेल त्यावर फूल काढतात. माझ्या दप्तरावरही आहे, शाळेत किती हसतात!

निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी गळ्यात घालायची मखमली उशी आणली, फुंकून फुगवायची. "विमानातच फुगवीन," म्हणाले आणि घडी तशीच बॅगेवर ठेवली.

विमानात डोळा लागतोय न लागतोय तोच... फुस्सऽऽ! शेजारच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. "मी नाही हो, उशी!" पण कोण विश्वास ठेवणार? पुन्हा फुंकली, पुन्हा फुस्स! अख्खा प्रवास फुंकण्यात गेला, मधे कधीतरी मान कलली आणि नंतर सरळ झाली ती लाकडासारखी, वळेचना! उतरल्या उतरल्या फोन, "उशीला भोक कुणी पाडलं?" आणि सगळे बघतात कुणाकडे? माझ्याकडे! आई तर आई, आजोबासुद्धा पेपराआडून, तोही उलटा धरलेला! मान्य, मागे मी साबणाला नेलपॉलिश फासलं होतं, बाबा घासतायत घासतायत, फेसच येईना... पण म्हणून जगातलं प्रत्येक भोक माझंच? आई म्हणाली, "ऑर्डर गेली ना, तर याद राख!" बाबा आणि गोदामात? तिथे ते विनोद कुणाला सांगणार, खुर्च्यांना?

पण तिकडे भलतंच! टेबलाभोवती मोठी मोठी माणसं, बाबांची मान वळेना. डावीकडून प्रश्न आला की बाबा खुर्चीसकट डावीकडे, उजवीकडून आला की खुर्चीसकट उजवीकडे. पाठ ताठ, कुरकुर नाही, जसा काही टेबलफॅन! समोरची माणसं खूश! त्यांच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "वा! खुर्ची दाखवावी तर अशी!" ऑर्डर पक्की!

बाबा घरी आले ते पुतळ्यासारखे, पण चेहरा कसा, दिवाच! "ज्यानं ते भोक पाडलं ना, त्याला माझ्याकडून नवी कोरी सायकल!"

सायकल! आणि सगळे बघतात कुणाकडे? माझ्याकडे! आता तुम्हीच सांगा, काय करावं माणसानं? उभी राहिले, आवाज कापरा केला, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं... "बाबा, मीच!"

तेवढ्यात कोपऱ्यातून खोकला. "पोरी, माझं पाप तू कशाला डोक्यावर घेतेस?" आजोबा! बाबांच्या बॅगेतून उशी काढली, पालथी केली, तर शिवणीजवळ एवढंसं लाल फूल! "मला काय ठाऊक हिच्यात हवा भरतात? वाटलं, कापूस भरायचा राहिलाय. म्हटलं, विमानात कुणाशी अदलाबदल नको. फोन आला तेव्हा बोलायची छातीच झाली नाही रे!"

सायकल आजोबांना! ज्यांचा गुडघा वाकत नाही त्यांना! बरं, पैज तर बाबा हरले, भांडी त्यांची. पण डॉक्टर म्हणतात, महिनाभर मान खाली घालायची नाही. मग घासणार कोण? आई बघते, आजोबा बघतात, बाबा तर पायापासून अख्खे वळून बघतात... कुणाकडे?

जाऊ दे. जन्मात पहिल्यांदा गुन्हा कबूल केला, तोही दुसऱ्याचा निघाला. आणा ती घासणी इकडे!