नव्व्याण्णव टक्के

कोन गावाला जाणाऱ्या शेअर रिक्षाच्या रांगेत शांतीताईंच्या पुढेच एक बाई बॅग घेऊन उभी होती आणि सोडायला आलेल्या नवऱ्यावर तडकली होती.

"माझ्या सख्ख्या भावाची हळद, आन् तुमी घरी गेम खेळत बसणार?"

"भाविका, नव्व्याण्णव टक्के झालाय. आज शंभर होतो."

"सहा महिने गाड्या चोरताय, बँका लुटताय. आता काय राहिलंय?"

"एका बाईला टॅक्सीनं घरी सोडायचंय. दरवेळी अर्ध्या वाटेत उतरून जाते."

"का?"

"मधेच भारी गाडी दिसली की मी तिकडंच वळतो ना."

"शहाणी हाय ती."

रिक्षा लागली. भाविका आत बसली आणि शांतीताईंकडे वळली.

"या ताई, बसा. ह्यांची जागा रिकामीच हाय."